दुर्बिणीची तारीख

८ जून २०२०, सोमवार

आजही ठरलं नाही!

सकाळी सगळे मीटिंगला बसलो ते जेवायच्या वेळेला उठलो. मार्चअखेरीपासून दुर्बिणीची खोली बंद आहे. ती उघडायची कधी आणि आत घ्यायचं कुणाला, एवढा एकच प्रश्न. त्यासाठी हॉस्पिटलने कमिटी नेमली आहे. मंगेशसर, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, छातीच्या रोगांचे. ट्रस्टचे चेअरमन, ज्यांना पोट आणि जठर यांतला फरक आजवर कळलेला नाही. मॅनेजर, जो या दोघांकडे बघून मान हलवतो. आणि मी. चौघांत लोकांच्या घशातून दुर्बीण आत घालणारी मी एकटी, म्हणून बोलायची पाळी सगळ्यांत शेवटी माझी!

मंगेशसरांनी निरनिराळ्या परिषदांची परिपत्रकं छापून आणली होती, हा एवढा गठ्ठा. एक परिषद म्हणते सगळं थांबवा. दुसरी म्हणते शक्यतो थांबवा. तिसरी म्हणते स्थानिक परिस्थिती बघून विवेकाने ठरवा. सरांनी तिन्ही मोठ्याने वाचून दाखवली, स्वल्पविरामांसकट. दुर्बीण घातली की पेशंटला उबळ येते, तो खोकतो, हवेत तुषार उडतात — ही भीती मलाही कळते. तो घसा माझ्या नाकासमोर असतो, त्यांच्या नाही. पण थांबायचं ते कुठवर? ते त्या गठ्ठ्यात नव्हतं.

शेवटी तीन गट पाडले. रक्ताची उलटी किंवा घशात काही अडकलं — लगेच. कॅन्सरची शंका — लवकर. बाकी सगळे — साथ ओसरल्यावर. कोण कुठल्या गटात, हे ठरवायचं कुणी? सिल्व्हियामॅडमनी, म्हणजे मीच. फोनवरून!

निघताना चेअरमन म्हणाले, "छान चर्चा झाली." एवढं गुऱ्हाळ घातलं, पण रस काही निघाला नाही.

१० जून

दिवसभर फोन. ज्यांच्या मार्चमधल्या तारखा रद्द केल्या त्यांना एकेक करून.

तारकर्लीचा एक हॉटेलवाला म्हणाला, "मॅडम, माझा गॅस मेंदूत जातो." म्हटलं, मग मेंदूवाल्यांना दाखवा. एका गुरुजींनी सगळं सांगून झाल्यावर विचारलं, दुर्बीण फोनवरून नाही का होणार. एकाने फोन उचलताच सांगितलं, "माका काय नाय झाला, माझ्या दारात गाडी पाठवू नका!"

मग तोंडवलीची हिरा. मासळी विकते. मी शाळेत होते तेव्हापासून आमच्या दारावर टोपली घेऊन यायची. फेब्रुवारीत आली होती — छातीत जळजळ, कधीमधी घास अडकतो. मार्चची तारीख दिली आणि टाळेबंदी लागली.

"हिराताय, जेवण जाता मा गो?"

"जाता मा, बाय. आत्ताच पेज जेवलंय."

"दुसरो काय तरास?"

"तरास खंयचो! माझी काळजी करू नको. त्या रोगाच्या माणसांका बघा आधी."

तिसऱ्या गटात टाकली. दिवसभरात एक तरी शहाणं माणूस भेटलं.

१३ जून

मंगेशसरांनी चौथा गट काढला — 'पुनर्विचाराधीन'. पहिल्या तिन्हीत न बसणारे त्यात. म्हणजे स्वतः मंगेशसर.

१८ जून

चेअरमनच्या जावयाच्या घशात माशाचा काटा अडकला!

मुंबईहून आलेला. शाळेत चौदा दिवस अलग राहून कालच सुटला, आणि सुटल्यावरच्या पहिल्याच जेवणावर तुटून पडला. फोन आला आणि अर्ध्या तासात खोली उघडी! ना गठ्ठा, ना गट. मंगेशसर स्वतः दार धरून उभे. हवा बाहेर जायची सोय नाही म्हणून जी खोली तीन महिने विषारी होती, ती आज एकदम शुद्ध झाली.

काटा निघाला. क्लेमेंटिना — माझ्या खोलीची सिस्टर, माझ्या आधीपासून तिथे आहे आणि माझ्यानंतरही असेल — तिने तो गॉजवर ठेवून जावयाच्या डोळ्यांसमोर धरला. "ह्यो बघा. मुंबैत काटे काढून वाढतत काय तुमका?" त्याने फोटो काढला. त्याच्या घरच्या ग्रुपवर एव्हाना फिरत असेल.

नियमाने बघायचं तर बरोबरच झालं. घशात अडकलं तर लगेच, हे मीच लिहिलेलं. तरी दिवसभर डोकं तडकलेलं होतं.

२१ जून, रविवार

पप्पांनी खिडकीतून ताट दिलं. मार्चपासून मी पडवीत जेवते, पडवीतच झोपते. ते आत, मी बाहेर, मध्ये गज. ऐंशीला आलेत, दमा आहे.

रोज विचारतात, "ठरला काय गो?" आज म्हटलं, नाही. तर म्हणाले, "आमच्या शाळेची सहल ठरवूक पाच मिनटा लागत. हेडमास्तर सांगी, थंय सहल." हेडमास्तर कोण होते? पप्पाच!

चर्चची मिस्सा फोनवर बघितली. पाद्रींनी फोन असा ठेवला होता की पूर्ण वेळ नुसती हनुवटी दिसत होती. पप्पा म्हणाले, हनुवटीन आशीर्वाद दिल्यान. आमच्या घरात तिरकं बोलणं वारशाने येतं.

२६ जून, शुक्रवार

आज माझंच तोंड बंद झालं.

दाजी आला होता, हिराचा नवरा. पावसाळ्यासाठी होडी वर ओढताना दोरीने तळहात कापला. टाके घालता घालता विचारलं, हिरा कशी आहे? म्हणाला, भायर आसा, झाडाखाली. खिडकीतून बघितलं तर झाडाखाली कुणी म्हातारी बसलेली. म्हटलं, खंय आसा?

"ती मगे. ती हिराच."

शेवटचा टाका घातला आणि बाहेर धावले. पोलक्यातून खांद्याची हाडं वर आलेली. गाल आत. मास्क नाकाखाली घसरलेला, कारण धरून ठेवायला गालच नाहीत.

"हिराताय, जेवतंय म्हणान सांगलंस मा माका?"

"जेवतंय मा. पेज जेवतंय."

"आणि दुपारी?"

"दुपारीय पेज."

"रातीक?"

"पेजच. भाकरी शिमग्यापासून जायना. आता पेजेतला शीतय घशात अडाकता, म्हणान वरची निवळ तेवढी पितंय."

"मगे ह्या माका फोनवर सांगूक नको?"

"तुमी जेवण जाता काय इचारलास. पेज जाता मा, बाय!"

चूक तिची नाही. आमच्याकडे पेज म्हणजे जेवण. सकाळी रस्त्यात भेटलेल्याला आपण दुसरं विचारतो काय? पेज जेवलंस? मी स्वतः रोज पेज जेवून ड्यूटीवर जाते. विदर्भातला कुणी नवखा पोरगा असता तर त्याने विचारलं असतं, पेज म्हणजे काय हो, पातळ असते की घट्ट? आणि तिथेच त्याच्या लक्षात आलं असतं. पण मी पडले मालवणची! मला सगळं कळतं! पेज हा शब्द ऐकला आणि सुटले. पातळ उतरतं, घट्ट अडकतं — अन्ननलिका अरुंद होत चालल्याचं याहून सोपं लक्षण नाही. मंगेशसरांच्या गठ्ठ्याला हसत होते आणि माझ्या डोक्यात ते लक्षण शिरलं नाही.

कॅन्सर असू शकतो. असेल तर आजवरचा उशीर माझा. लाज वाटते आहे. दाजी जाताना आभार मानून गेला, त्याने आणखी वाटली.

२७ जून

आज कमिटी मी बोलावली. म्हटलं, मला याच आठवड्यात तारीख हवी.

चेअरमन म्हणाले, गोव्याला पाठवा. गोव्याची हद्द बंद आहे हे त्यांना सोडून सगळ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. मग म्हणाले, कोल्हापूर. ज्या बाईला झाडाखाली बसवत नाही तिला घाट चढवायचा, आणि वर परत तिथल्या कमिटीपुढे उभं करायचं!

मंगेशसरांच्या अटी — पेशंटची टेस्ट, सगळ्यांना पूर्ण किट, आणि खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा. विचारलं, जावयाच्या वेळी कुठे होता पंखा? चेअरमन छताकडे बघायला लागले. सर म्हणाले, "ती इमर्जन्सी होती, सिल्व्हिया."

"हिच्याही घशातच अडकलंय, सर. फक्त माशाचं नाही."

"आठ-दहा दिवसांनी असा काय फरक पडतो?"

म्हटलं, तुम्ही आठ-दहा दिवस निवळ पिऊन बघा आणि मला सांगा. मॅनेजरने तेही मिनिट्समध्ये लिहून घेतलं.

ठरलं असं की पंखा बसला की तारीख. म्हणजे हिराच्या घशाची किल्ली आता इलेक्ट्रिशियनकडे.

३० जून

दाजीने कौल घेतला!

देवळं बंद आहेत, पण गुरव पूजेला रोज आत जातोच. दाजी बाहेर अंगणात उभा राहिला. गुरवाने आत देवाला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं — दुर्बीण आताच घालूची काय थांबूचा? उजवीकडची पाकळी पडली. उजवी म्हणजे होय. "देवान उजवो दिल्यान, बाय. बेगीन करूचा."

हसू आलं. मग म्हटलं, हसतेस कशाला? देवाने एका सकाळीत निकाल दिला. परिपत्रक मागितलं नाही, पंखा मागितला नाही, मध्येच चहा-बिस्किटांसाठी उठला नाही. आमच्यापेक्षा त्याचा कारभार शतपटीने बरा. मंगेशसरांना सांगितलं, एक मंजुरी आली आहे. कुणाची, विचारतात. म्हटलं, वरून. त्यांना वाटलं कलेक्टर कचेरीतून!

हिराला पेजेच्या निवळीत साखर-मीठ, दूध, अंडं फेटून — जे जे पातळ होईल ते सगळं द्यायला सांगितलं आहे. दाजी म्हणतो, अंडं बघून तोंड फिरवते.

४ जुलै

पंखा आला. खिडकीपेक्षा मोठा! मॅनेजरने माप न घेताच मागवला. परत कुडाळला पाठवावा तर त्या दुकानाची गल्ली बंद केलेली. मग क्लेमेंटिनाने ओळखीचा सुतार आणला, त्याने खिडकीची चौकटच काढली, फळी ठोकली आणि बसवला एकदाचा. चालू केला की घाट चढणाऱ्या एसटीसारखा ओरडतो.

मंगेशसरांनी हवा बाहेर जाते का बघायला गठ्ठ्यातला एक कागद पंख्यासमोर धरला. कागद हातातून सुटला आणि बाहेर भिजत पडला. आजवरचा त्या कागदाचा एवढाच उपयोग.

६ जुलै, सोमवार

तारीख ठरली! गुरुवार, नऊ. हिराचा स्वॅब निगेटिव्ह आला.

पण सुखासुखी ठरेल तर ती कमिटी कसली? सगळे उठत होते तेवढ्यात मंगेशसर म्हणाले, "खोलीतल्या स्टाफचेही स्वॅब घेऊ या. तुमचा आणि क्लेमेंटिनाचा. रिपोर्ट येईपर्यंत थांबू."

आमचे रिपोर्ट येणार शनिवार-रविवारी. तोवर हिराचा रिपोर्ट सरांच्याच नियमाने शिळा. म्हणजे तिचा पुन्हा स्वॅब. तो येईस्तोवर आमचे शिळे! म्हटलं, सर, असं गोल फिरता फिरता ती बाई मरेल. पण निगेटिव्ह मरेल!

मग माझा तोल गेला. म्हटलं, मार्चपासून मी पडवीत जेवते. बाजारात जात नाही, मिस्साला जात नाही, म्हाताऱ्या बापाला हात लावत नाही. मला कुठून होणार? तुमच्या कमिटीतून? सर म्हणाले, "प्रश्न तुमच्यावर विश्वास नसण्याचा नाही." मग कशाचा आहे? भीतीचा! तीन महिने नुसते घाबरताय आणि त्याला शास्त्र म्हणताय! हे मी चेअरमनसमोर, मॅनेजरसमोर बोलले. सरांचे कान लाल झाले. ते चष्मा पुसत राहिले.

चेअरमन म्हणाले, "मॅडम म्हणतात तर होऊ दे की." जावयाचा काटा कामी आला. सर म्हणाले, "ठीक आहे. तुमच्या जबाबदारीवर."

माझ्याच!

८ जुलै

उद्या. क्लेमेंटिनाने सगळी तयारी केली आहे. आज जास्त लिहीत नाही.

९ जुलै, गुरुवार

झालं!

आधी रडारड. हिराला आत आणलं तेव्हा आम्ही दोघी नखशिखांत पांढऱ्या, डोळ्यांवर काच, तोंडासमोर काच. तिने बघितलं आणि ट्रॉलीवरून पाय खालीच टाकले. "ही कोण? आमची बाय खंय आसा? माका घराक न्हेया!" मी मास्कातून ओरडत होते, हिराताय, मीच गो! पंख्याच्या घरघरीत तिला काही ऐकू येईना. दातखीळ बसायची वेळ आली. अशा घशात दुर्बीण घातली तर अन्ननलिका फाटायची.

शेवटी समोरची काच वर केली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. "बघ. सिल्व्हिया. मास्तरांची सिल्व्हिया." तिने दोन्ही हातांनी माझे गाल धरले. बराच वेळ. मग निजली. क्लेमेंटिना माझ्यावर खेकसली, "गो, तोंड झाक आधी!" झाकलं. बाकी सगळं नियमाने केलं.

दुर्बीण हळूहळू खाली उतरवली. आणि दिसलं काय? आकुंचन. वर्षानुवर्षांच्या आम्लाने जखम होऊन आवळत गेलेलं, सुईच्या नेढ्याएवढं भोक राहिलेलं. पण कडा साफ! कॅन्सरचं तोंड मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे, हे तसं नव्हतं. तपासायला तुकडे घेतले. मग फुगा घालून हळूहळू रुंद केलं. पहिल्यांदा सैल झालं तेव्हा क्लेमेंटिनाने क्रूस केला आणि लगेच मला म्हणाली, डोळे मॉनिटरवर ठेव.

शुद्धीवर आल्यावर हिराचा पहिला प्रश्न, "आता काय खाव?"

"आज पेजच."

तिला हसायला आलं, मला आलं, क्लेमेंटिनाला आलं. दुखऱ्या घशाने हसत होती बिचारी.

मंगेशसर बाहेर काचेपाशी उभे होते. मी अंगठा दाखवला. त्यांनीही दाखवला. माणूस वाईट नाही, मुलखाचा भित्रा आहे.

१२ जुलै, रविवार

दाजीचा फोन. "बाय, भात खाल्ल्यान! कढी आणि भात! एकेक शीत चावून, पण खाल्ल्यान!" मागून हिरा ओरडत होती, "सांग बायक, अजून भूक आसा म्हणान!"

पप्पांना खिडकीतून सांगितलं. म्हणाले, "मगे तुजी कमिटी काय म्हणता?" म्हटलं, कमिटीला ढेकर आला. खूप दिवसांनी हलकं वाटलं. असं वाटलं की मी बरी डॉक्टर आहे.

१४ जुलै

तुकड्यांचा रिपोर्ट आला — कॅन्सर नाही! दोन महिन्यांनी पुन्हा फुगा लागेल, एवढंच.

स्थानिक पेपरात बातमी — 'महामारीतही धाडसी उपचार'. फोटो चेअरमनचा. खाली मॅनेजरचं निवेदन, 'योग्य नियोजन व तातडीचे निर्णय यांमुळे शक्य झाले.' तातडीचे! क्लेमेंटिनाने तो पेपर दुर्बिणीच्या कपाटात अंथरला.

मंगेशसरांनी अभिनंदन केलं. म्हटलं, बघा, काही झालं का? नाही, म्हणाले.

१६ जुलै

हिराला ताप. दोन दिवसांपासून खोकला, दाजीने आज सांगितलं. ओरोसला, जिल्हा रुग्णालयात नेलं.

आम्हा सगळ्यांचे स्वॅब घेतले. मॅनेजरने सॅनिटायझरची बाटली पंचप्राण असल्यासारखी धरली आहे.

१९ जुलै

हिरा पॉझिटिव्ह. मी पॉझिटिव्ह. क्लेमेंटिना निगेटिव्ह, पप्पा निगेटिव्ह, दाजी निगेटिव्ह.

मला विशेष काही नाही. वास गेला आहे, थकवा आहे. हॉस्पिटलच्याच वरच्या खोलीत ठेवलं आहे. आरोग्य खात्याचा एक मुलगा फोनवर माहिती घेत होता — नाव, वय, त्रास कधीपासून? मी म्हटलं, कालपासून, शनिवारपासून. ठीक आहे, म्हणाला. असल्या माहितीवर म्हणे साथ आटोक्यात येणार!

मंगेशसरांचा फोन. म्हटलं, आता हे बोलणार — मी सांगत होतो. पण नाही बोलले. म्हणाले, "तिचा निगेटिव्ह रिपोर्ट चुकीचा असणार. असं होतं. तिच्याकडून तुम्हाला लागलं, दुसरं काय? मनाला लावून घेऊ नका. काळजी घ्या."

हो, म्हटलं.

२२ जुलै

तोंडवलीत हिराच्या वाडीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले. कालपर्यंत तिच्याकडून मासळी घेणारे आता दाजीला विहिरीवर येऊ देत नाहीत. का, तर त्याच्या बायकोने डॉक्टरीणबाईला रोग दिला! क्लेमेंटिना सांगत होती, सगळ्या बाजारात हेच. मी बरी व्हावी म्हणून कुणी नवस बोलला आहे, कुणी मेणबत्ती लावली आहे. हिरासाठी कुणी नाही. काय ही माणसं!

ओरोसहून कळलं, हिराला ऑक्सिजन लावला आहे. अंगात आधीच काही उरलेलं नव्हतं. जेमतेम चार दिवस जेवली होती.

क्लेमेंटिनाने फोनवर वास परत आला काय विचारलं. मग म्हणाली, "सिल्व्हिया, खरा सांग, तुका बरा नाय असा कधीपासून वाटूक लागला गो?" मी म्हटलं, शनिवारपासून, सांगितलं ना. बरं, म्हणाली आणि फोन ठेवला.

२४ जुलै

ऑक्सिजन वाढवला. जेवण नळीतून. आपणच रुंद केलेल्या वाटेने!

२६ जुलै, रविवार

हिरा आज सकाळी गेली.

दाजीचा फोन आला. रडत नव्हता. म्हणाला, "बाय, आमच्याकडसून तुमका ह्या लागला. तिका लय वायट वाटत होता. 'बायची माफी माग' म्हणान सांगल्यान."

बुधवारी, आठ तारखेला, दुपारपासून मला कणकण होती. गोळी घेतली आणि दुसऱ्या दिवशी दुर्बिणीच्या खोलीत गेले. इथेसुद्धा लिहिलं नाही.

मी म्हटलं, "जाव दे, दाजी. माफ केलंय."